टाकी आहे, पेट्रोल नाही

निवृत्त माणसाचं मत विचारणारं जगात कुणी उरत नाही. बँकेत होतो तोवर निदान कर्ज मागायला आलेले लोक माझं मत ऐकून घेत; 2013 साली तेही थांबलं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात, अर्वाइनला लेकीकडे मुक्कामाला असताना ती जेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदा ती गाडी नीट बघा आणि काय ते स्पष्ट सांगा," तेव्हा माझी छाती दोन इंच तरी फुगली असेल. ती असं का म्हणाली, हे मला नंतर उमगलं. चौदा वर्षांच्या नातवाला ती गाडी हवी होती, लेकीला नको होती, जावई हे तटस्थ राष्ट्र होतं आणि 'नाही' म्हणायला पुण्याहून एक वडीलधारं माणूस आयतं चालत आलं होतं. नातवाचाही हिशोब पक्का होता. आजोबांकडे एके काळी येझदी होती हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा आजोबा आपल्या बाजूला फुटणार याची त्याला खात्री. अशा रीतीने दोन्ही पक्षांच्या संपूर्ण विश्वासाने मी परीक्षक झालो.

गाडी शेजारच्या मुलाची. तो कॉलेजसाठी परगावी निघाला होता म्हणून ती विकायला काढलेली. "दोन दिवस चालवून बघा," असं म्हणून तो ती आमच्या गॅरेजात लावून गेला. कंपनीचं नाव मी सांगत नाही. या घाटाच्या गाड्या आता तिकडे बरेच जण करतात आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

लांबून पाहिली तर ही मोटरसायकल. पुढे ताटलीएवढा गोल दिवा, रुंद हँडल, चार-पाच इंच जाडीची गुबगुबीत टायरं, सपाट लांबलचक सीट आणि सीटच्या पुढे ऐटीत बसवलेली टाकी. अमेरिकेत सत्तरच्या दशकात गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलेल्या ज्या बुटक्या मिनीबाईक्स पोरं अंगणात उडवत, त्यांचा तोंडवळा हिने उचललेला. मी कौतुकाने जवळ गेलो, कमरेवर हात ठेवून जाणकारासारखा वाकलो आणि पाहतो तो खाली दोन पेडलं!

मी चटकन सरळ झालो. "अरे, ही तर लूना!"

"लूना म्हणजे काय, आजोबा?" नातवाने विचारलं.

आता याला काय सांगायचं? 1972 साली आमच्या पुण्याच्या कायनेटिक कंपनीने पन्नास सीसीचं इंजिन आणि दोन पेडलं एकाच देहात नांदवून दाखवली होती, आणि निम्मी मध्यमवर्गीय शहरं त्या देहावर बसून कचेरीत जात होती. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घर गाठायचं, अशी त्यात सोय होती. लूनेने कधी मोटरसायकल असल्याचा आव मात्र आणला नाही. ती बिचारी होती तशी दिसायची. 2024 साली ती विजेवर चालणारी होऊन परत आली तेव्हाही गॅसचं सिलिंडर वाहून नेण्याचा घरंदाजपणा तिने सोडला नाही. या अमेरिकन लूनेने मात्र चामड्याचं जाकीट चढवलंय.

वेषांतराची ही सवय तिथे जुनी आहे म्हणा. मोटरसायकल जन्मली तीच सायकलीच्या पोटी. हार्ले-डेव्हिडसनच्या सुरुवातीच्या, 1903 च्या सुमाराच्या गाड्यांना चक्क पेडलं होती. पुढे लेक मोठी झाली, आईला विसरली आणि आई तिच्यासारखं दिसायला धडपडू लागली. श्विन कंपनीने 1934 साली काढलेल्या 'एअरोसायकल'ला मोटरसायकलसारखी खोटी टाकी होती. 1949 च्या 'ब्लॅक फँटम'च्या टाकीत भोंगा बसवला होता, म्हणजे टाकी रिकामी तरी नव्हती. 1963 ला 'स्टिंग-रे' आली: केळ्यासारखी लांब सीट आणि शरण आल्यासारखे दोन्ही हात वर करायला लावणारं हँडल. 1971 च्या 'ऑन एनी संडे' या माहितीपटाच्या सुरुवातीलाच पोरं अशा सायकलींवरून मोटरसायकलवाल्यांची नक्कल करताना दिसतात आणि ते पाहून देशभरची पोरं सायकली घेऊन चिखलात उतरली. तेव्हा ही नवी गाडी म्हणजे नव्वद वर्षं चाललेल्या नाटकाचा ताजा प्रयोग आहे. फरक इतकाच, की या खेपेला नटाच्या अंगात खरोखरच थोडं बळ आहे.

थोडं म्हणजे किती, तर 750 वॅट. माझ्या बँकेतल्या डोक्याने लगेच हिशोब केला: 746 वॅट म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे त्या टाकीआड एक घोडा आणि त्याचं एक शिंगरू. माझ्या येझदीत डझनावर घोडे होते. पण ते डिसेंबरच्या सकाळी एकदम जागे होत नसत. इथला एकटा घोडा मात्र बटण दाबताच उभा.

पहिला दिवस मी एकट्याने परीक्षा घेतली. सीटवर बसताक्षणी माझा डावा पाय हवेत काहीतरी शोधू लागला. येझदीला किकची आणि गिअरची दांडी एकच असे. किक मारायची, दांडी पुढे वळवायची आणि तिचाच गिअर करायचा. काटकसरीचा असा नमुना कोकणस्थाच्या घरातही सापडायचा नाही. इथे किक नाही, गिअर नाही, क्लच नाही. उजव्या अंगठ्याने एक इवलीशी पट्टी दाबायची, की गाडी निघाली. एवढा मोटरसायकलचा थाट आणि चालवायची दाराची घंटा वाजवल्यासारखी! मला ते काही पटलं नाही. पटलं नाही, पण गाडी सुंदर पळाली हेही कबूल केलं पाहिजे. जाड टायरांमुळे खड्डा लागला तर कळत नाही. अर्थात तिथे खड्डाच नव्हता, म्हणून एका गतिरोधकावरून मी मुद्दाम तीनदा गेलो. डिस्क ब्रेक असे, की दाबल्यावर गाडी आधी थांबते आणि आपण किंचित नंतर.

पेडलांचं मात्र सांगायला नको. सीट बुटकी, तीही वरखाली न होणारी. पेडल मारायला गेलो तर गुडघा हनुवटीला येऊन "कसं काय?" विचारू लागला. गाडीचं वजन तेहेतीस-चौतीस किलो. बॅटरी संपल्यावर ती पेडल मारत घरी न्यायची म्हणजे शिक्षाच. लूनेची पेडलं अडीअडचणीला धावून येत. इथली पेडलं कायद्याला दाखवायला ठेवलेली आहेत.

कायद्याचं असं आहे. कॅलिफोर्नियात विजेच्या सायकलींचे तीन वर्ग आहेत. पहिल्यात पेडल मारलं तरच मोटर साथ देते, ताशी वीस मैलांपर्यंत. दुसऱ्यात नुसता अंगठा दाबून तेवढंच पळता येतं. तिसऱ्यात पेडल मारत अठ्ठावीस मैलांपर्यंत. पण त्याला वय सोळा लागतं. मोटर 750 वॅटपर्यंत, आणि चालतील अशी पेडलं हवीतच. एवढं पाळलं की गाडी कायद्याने सायकल. लायसन नको, नंबरप्लेट नको. आपल्याकडे हीच मुभा अडीचशे वॅट आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतच आहे. शेजारच्या मुलाची गाडी दुसऱ्या वर्गातली. म्हणजे ताशी बत्तीस किलोमीटर, आणि चालवणारा चौदा वर्षांचा असला तरी, डोक्यावर हेल्मेट असलं की, कायदा काही म्हणणार नाही. त्यातून अशा बऱ्याच गाड्यांना फोनमधून एक खूण केली की वेगाचं बंधन सुटतं. ती खूण खाजगी जागेसाठी आहे म्हणे. चौदा वर्षांच्या मुलाला सगळं जगच खाजगी जागा वाटतं, हे ती खूण करणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. दिसायचं मोटरसायकल म्हणून आणि जाब द्यायचा सायकल म्हणून! मोठेपणाचा सगळा डौल मुलाला द्यायचा आणि त्याच्याबरोबर येणारी परीक्षा, लायसन, विमा हे सारं पेडलांखाली लपवायचं. पोराला त्या गाडीचं वेड का लागलं होतं ते मला चांगलंच कळत होतं. मलाही सतराव्या वर्षी एका जावाचं लागलं होतं. पण जावा मिळवायला नोकरी लागायची. तिकीट महाग असलं की माणूस रांगेत जरा मोठा होतो.

संध्याकाळी मी गाडी चार्जिंगला लावली. बॅटरीवरचा आकडा वाचला, 960 वॅट-तास. म्हणजे विजेच्या बिलातलं जेमतेम एक युनिट! एका युनिटात मी अख्खा दिवस पंचवीस मैल हिंडलो होतो. हे सौ.ला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा त्या गाडीकडे आदराने पाहिलं.

"मागे बसता येतं का हो?" तिने विचारलं.

सीट लांब होती आणि मागे पाय ठेवायला खुंट्याही होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने आजीच्या अंबाड्यावर हेल्मेट बसवायचा दहा मिनिटं प्रयत्न केला, शेवटी अंबाड्याची वेणी झाली आणि आम्ही निघालो. घरामागचा रस्ता सरळ, रिकामा, दुतर्फा झाडं. मी अंगठा दाबला. आवाज नाही, धूर नाही, अंगाला हादरा नाही.

टीकाकार म्हणून या शांततेचा दोष मी आदल्या दिवशीच टिपून ठेवला होता. येझदी सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी आली, की वरच्या मजल्यावर सौ. चहाचं आधण टाकायची; गाडी लावून जिना चढेपर्यंत चहा कपात. पुकारल्याशिवाय येणारं वाहन हे घरातल्या वाहनासारखं वाटतच नाही. शिवाय तेवीस वर्षं सौ. माझ्या मागे बसून जे काही बोलली त्यातलं एक अक्षर मला त्या दोन सायलेन्सरांपायी ऐकू आलं नाही. मी "हं, हं, बघू" म्हणायचो. आमचा संसार सुखाचा झाला त्यात म्हैसूरच्या त्या कारखान्याचा वाटा मोठा आहे, असं मी मित्रांना नेहमी सांगत आलोय.

"तुम्हाला आठवतं," मागून आवाज आला. अगदी कानाशी, स्वयंपाकघरात बोलल्यासारखा. मी दचकलो आणि गाडी किंचित वळली. "गाडी विकायला निघालो होतो तो दिवस?"

आठवत होतं. 2003 चा जुलै. लेकीची इथली अॅडमिशन आलेली, कर्ज मंजूर झालेलं, तरी विमानाच्या तिकिटाला थोडे कमी पडत होते. येझदीला नाना पेठेत नऊ हजारांचं गिऱ्हाईक मिळालं होतं. शेवटची फेरी म्हणून सौ.ही मागे बसली होती.

"वाटेत मी काय म्हणाले, ते आठवतं?"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, राहू द्या गाडी. माझ्या पाटल्या मोडू या. तिला टाकीवर बसवून शाळेत सोडलंत तुम्ही, ती गाडी नका विकू."

अंगठा पट्टीवरून सुटला. गाडी आपोआप हळू झाली.

"मग मी काय म्हटलं?"

"तुम्ही म्हणालात, 'हं, हं, बघू.' आणि मंडईपाशी गाडी थांबवलीत."

"मला वाटलं, तू भाजी घ्यायची म्हणत्येस."

"हो ना. मग मी मेथी घेतली."

गाडी एका झाडाखाली थांबली होती. पायातळीचं पेडल उगाच अर्धं फिरून पुन्हा जागेवर आलं. मी मान वळवून मागे पाहायला गेलो, पण हेल्मेटमुळे मला फक्त तिची वेणी दिसली.

"दोन जुड्या घेतल्या होत्या," सौ. म्हणाली. "चांगली होती. चला आता, कुकर लावायचाय."

परत येताना मी दहा मैलांच्या वर गेलो नाही. बावीस वर्षांचं साचलेलं होतं. सगळंच पाटल्यांसारखं नव्हतं. त्यात माझ्या बहिणीच्या लग्नातला एक मानापमान होता आणि डेक्कनला घ्यायची राहून गेलेली एक साडी होती. मी प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलं. "बघू" म्हणायची सोयच राहिली नव्हती.

रात्री जेवणावर निकाल मागितला गेला. मी घसा साफ करून टायरांपासून सुरुवात केली, ब्रेकना चांगले गुण दिले, पेडलांचे कापले, टाकीच्या खोटेपणावर दोन शब्द बोललो आणि सोळा पुरी होईपर्यंत नातवाला ही गाडी देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. लेकीने सुटकेचा श्वास सोडला. नातवाने भाताकडे बघत "आजोबा, नॉट फेअर" एवढंच म्हटलं आणि ते मला टोचलं.

"दोन वर्षं गाडी गॅरेजातच राहील," सौ. कढी वाढता वाढता म्हणाली. "आम्ही येऊ तेव्हा आम्ही वापरू. पुढे याची."

"आई, तू कुठे...?" लेक म्हणाली.

"किती म्हणतोय तो मुलगा?"

"अठराशे डॉलर."

"फार होतात. पंधराशेच्या वर जाऊ नका," सौ. म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "ऐकलंत ना?"