आकडे गुन्ह्यांचे की नोंदींचे?

सावेडीजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेले कामगार बरेच आहेत. ‘बाहेरची माणसे वाढली की गुन्हे वाढतात’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्याही तोंडी असते. पुरावा म्हणून बोट दाखवले जाते ते ‘क्राइम इन इंडिया’ या सरकारी वार्षिक अहवालाकडे. त्या अहवालाला हे विधान पेलते का, ते पाहू.

१९५३ सालापासूनच्या या अहवालांचे मोल मोठे आहे; देशभरच्या नोंदी एकाच साच्यात दुसरीकडे मिळत नाहीत. पण त्यांत मोजले जातात ते पोलिसांत नोंदलेले गुन्हे, घडलेले सगळे नव्हेत. दिल्लीत भारतीय दंडविधानाखाली २०१३ मध्ये सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले गेले, तर २०१४ मध्ये सुमारे १ लाख ५५ हजार. वर्षभरात दिल्लीकर दुप्पट गुन्हेगार झाले काय? नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणे बंधनकारक ठरवले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. शिवाय एकाच तक्रारीत खून आणि चोरी दोन्ही असतील, तर अहवालात खून तेवढा मोजला जातो.

आता ‘बाहेरच्या’ माणसाकडे वळू. अटक झालेला माणूस कोणत्या राज्यातला, याचा तक्ता या अहवालात नाही. तुरुंगांविषयीच्या वेगळ्या अहवालात कैद्यांचे मूळ राज्य दिलेले असते. परंतु २०२२ अखेर देशातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले होते. ज्याला गावात जामीनदार मिळत नाही, तो परका माणूस आत अधिक काळ राहतो. मोजणी ठरावीक दिवशी होते, तेव्हा तो हमखास मोजला जातो.

परदेशी नागरिकांवरील गुन्ह्यांचा तक्ता मात्र आहे. त्यात मुदत संपल्यावरही राहण्यासारखे गुन्हे येतात. असे गुन्हे भारतीय नागरिक करूच शकत नाही. मग तुलना कशी करणार? आणि विनापरवाना राहणाऱ्यांची मोजदादच नसल्याने दर काढायला छेद उरत नाही.

छेदाचे महत्त्व वर्गात सहज दाखवता येईल. वस्तीत १०० कामगार आहेत, कागदोपत्री ५०, गुन्हे २. खरा दर शेकडा २, कागदावरचा शेकडा ४! आपल्या जिल्ह्यात हंगामात येणारे-जाणारे ऊसतोड कामगार आठवले, म्हणजे हे उदाहरण काल्पनिक वाटणार नाही.

गुन्ह्यांची संख्या वाढणे आणि नोंदणी वाढणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असा इशारा अहवाल स्वतःच देतो. तो प्रत्येक तक्त्याखाली छापायला हवा होता, ही आमची मुख्य तक्रार. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. पारध्यांसारख्या समाजांवरील पोलिसी नजर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावरही हटली नाही. जिथे नजर अधिक, तिथे नोंद अधिक. आणि त्याच नोंदी पुढे पुरावा म्हणून दाखवल्या जातात. आकडा फळ्यावर लिहिण्यापूर्वी तो कोणी, काय आणि कितीजणांतून मोजला, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावेत.