प्रतिकृती आणि अवशेष : थायलंडमधील वारसास्थळे व खुली इतिहास-संग्रहालये यांची चिकित्सा

प्रस्तावना

थायलंडचा इतिहास पर्यटकासमोर दोन प्रकारच्या ठिकाणी मांडला जातो. पहिला प्रकार प्रत्यक्ष अवशेषांचा आहे. सुखोथाई, अयुथ्या, फिमाई, फनोम रुंग या स्थळांना तेथील ललितकला विभागाने ‘ऐतिहासिक उद्यान’ असे रूप दिले असून सुखोथाई व तिच्याशी संबंधित नगरे, तसेच अयुथ्या, यांचा १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दुसरा प्रकार खुल्या इतिहास-संग्रहालयांचा आहे. बँकॉकच्या आग्नेयेस समुत प्राकान प्रांतात उभारलेले ‘मुआंग बोरान’ हे त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण होय. पहिल्या प्रकारात इतिहास भग्न आणि अपुरा दिसतो, तर दुसऱ्या प्रकारात तो अखंड व रंगीत दिसतो. बँकॉकमध्ये दोन-तीन दिवस मुक्काम करणाऱ्या पर्यटकाला दुसरा प्रकार अधिक सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. प्रतिकृती इतिहासाला पूरक केव्हा ठरते आणि त्याचीच जागा केव्हा घेते, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुआंग बोरानची संकल्पना

थाई भाषेतील ‘बोरान’ हा शब्द ‘पुराण’ या शब्दाचे रूपांतर आहे व ‘मुआंग’ म्हणजे नगर. उद्योजक लेक विरियफान (१९१४–२०००) यांनी १९६० च्या दशकात या ‘पुराणनगरा’ची उभारणी हाती घेतली आणि १९७२ मध्ये ते खुले झाले. २०० एकरांहून मोठ्या या परिसराची आखणी थायलंडच्या नकाशाच्या आकाराची असून त्यात १०० हून अधिक वास्तू आहेत. प्रत्येक वास्तू देशाच्या ज्या भागातील असेल, साधारणपणे त्याच भागात ती उभारण्यात आली आहे. सायकलवरून अथवा छोट्या गाडीतून फिरणारा पर्यटक काही तासांत दक्षिणेकडील द्वीपकल्पापासून उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशापर्यंतचा ‘प्रवास’ करतो.

या प्रकल्पाला केवळ मनोरंजनाचे ठिकाण मानणे अन्यायाचे ठरेल. ज्या काळात थायलंडमध्ये आधुनिक बांधकामाचा वेग वाढला आणि जुनी लाकडी घरे मोडली जाऊ लागली, त्या काळात अशी काही घरे व वास्तू मूळ जागेवरून हलवून येथे जतन करण्यात आल्या. पारंपरिक सुतारकाम, चुन्यातील नक्षीकाम व सोनेरी सजावट यांतील कारागिरांना येथे काम मिळाले. लेक यांच्याच प्रेरणेने १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुआंग बोरान’ नियतकालिकाने प्राचीन स्थळांविषयीच्या अभ्यासाला व्यासपीठ दिले. तेव्हा संस्थापकाच्या आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चिकित्सेचा विषय आहे तो या मांडणीतून इतिहासाचे कोणते चित्र उभे राहते, हा.

नकलेची थाई परंपरा

प्रतिकृती म्हणजे खोटेपणा, हा आक्षेप प्रथमदर्शनी सबळ वाटतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ साहित्य व विश्वसनीय पुरावा यांना मध्यवर्ती स्थान दिले, तसेच जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे, असा दंडक घातला. तथापि, हा दंडक प्रामुख्याने युरोपीय अनुभवातून आलेला आहे. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलतेची कसोटी प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात ठरवावी लागते, हे मान्य केले. थायलंडच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

थाई बौद्ध परंपरेत नक्कल करणे हे पुण्यकर्म आहे. फित्सनुलोक येथील फ्रा फुत्थ चिन्नरात या पूजनीय बुद्धमूर्तीची प्रतिकृती राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात ओतवून बँकॉकच्या वाट बेंचमबोफित या विहारात प्रतिष्ठित करण्यात आली. ‘फ्रा फुत्थ सिहिंग’ या नावाने बँकॉक, चियांग माई आणि नाखोन सी थम्मरात अशा तीन ठिकाणी मूर्ती पूजिल्या जातात. वास्तूंच्या बाबतीतही हेच दिसून येते. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केल्यानंतर राजा राम पहिले यांनी नव्या राजधानीत जे सिंहासनगृह बांधले ते अयुथ्येच्या सान्फेत प्रासादाच्या धर्तीवर होते. १७८९ मध्ये वीज पडून ते जळाले व त्या जागी आजचा दुसित महाप्रासाद उभा राहिला. म्हणजेच, नष्ट झालेल्या सान्फेत प्रासादाची प्रतिकृती करण्याची कल्पना मुआंग बोरानच्या कितीतरी आधीची आहे.

या परंपरेत मात्र एक महत्त्वाची अट अनुस्यूत आहे. प्रतिकृती आपल्या मूळाचे नाव सांगते. बँकॉकमधील चिन्नरात ही फित्सनुलोकच्या मूर्तीची प्रतिकृती आहे हे भाविकाला ठाऊक असते आणि तिचे माहात्म्यही त्या नात्यातूनच येते. नक्कल आपले कुळ लपवीत नाही. व्हेनिस सनदेपेक्षा ही देशी कसोटी मुआंग बोरानला लावणे अधिक उचित ठरते.

चार कोटींची सरमिसळ

या कसोटीवर पाहता मुआंग बोरानमधील वास्तूंचे चार गट पडतात. पहिला गट मूळ जागेवरून हलवून आणलेल्या खऱ्या जुन्या वास्तूंचा आहे. दुसऱ्या गटात आजही अस्तित्वात असलेल्या वास्तूंच्या, काही मूळ आकाराच्या तर काही लहान प्रमाणातील, प्रतिकृती येतात. तिसरा गट नष्ट झालेल्या वास्तूंच्या तर्काधिष्ठित पुनर्रचनांचा असून सान्फेत प्रासाद हे त्याचे प्रमुख उदाहरण आहे. चौथ्या गटात साहित्य व धर्मकल्पनांतून स्फुरलेल्या नवनिर्मिती मोडतात. महामत्स्याने वेढलेला व पाण्यातून वर येणारा सुमेरू पर्वत हा त्यांपैकी एक होय.

या चारही गटांचे स्वतंत्र मोल आहे. अडचण निर्माण होते ती त्यांच्या सरमिसळीमुळे. माहितीफलकांवर तपशील दिलेले असले, तरी रस्ता, बाग, रंग व झळाळी यांची भाषा सर्वत्र एकच राहते. परिणामी शंभर वर्षांचे खरे लाकडी घर, पायाच्या अवशेषांवरून व लिखित साधनांवरून कल्पिलेला प्रासाद आणि सर्वस्वी कल्पित पर्वत, हे सारे डोळ्यांना समान दर्जाचे भासतात. सान्फेत प्रासादात फेब्रुवारी १९७२ मध्ये राजा भूमिबोल यांच्यासह राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचे आगमन झाले, तेव्हा तर या पुनर्रचनेला राजकीय समारंभाची प्रतिष्ठाच प्राप्त झाली. अयुथ्येत त्याच प्रासादाच्या जागी आज केवळ विटांचा पाया आहे. प्रतिकृतीत वैभव दिसते, तर पायाच्या विटांत त्या वैभवाचा अंत दिसतो. यांपैकी एकच पाहणाऱ्याच्या पदरी अर्धा इतिहास पडतो.

नकाशा आणि मंदिर

मुआंग बोरानची नकाशाकार आखणी ही तिची सर्वांत आकर्षक, पण सर्वांत वादग्रस्त बाजू आहे. थायलंडची आजची सीमारेषा प्रामुख्याने १८९३ ते १९०९ या काळात फ्रान्स व ब्रिटनशी झालेल्या करारांतून निश्चित झाली. इतिहासकार थोंगचाई विनिचकुल यांनी ‘सियाम मॅप्ड’ (१९९४) या ग्रंथात, राष्ट्राचा भौगोलिक देह हा आधुनिक नकाशाशास्त्रातून घडला, हे सप्रमाण मांडले. असा अर्वाचीन आकार जेव्हा तेराव्या शतकातील सुखोथाईला आणि अकराव्या शतकातील ख्मेर मंदिरांना एकाच कुंपणात घेतो, तेव्हा ‘हे सर्व पूर्वीपासून थाईच होते’ असा निष्कर्ष न बोलता निघतो.

वस्तुतः फिमाईचे बौद्ध मंदिर प्राचीन मार्गाने अंकोरशी जोडलेले होते. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरील फनोम रुंग हे शिवमंदिर होय. त्याच्या दरवाज्यावरील शिळेत कोरलेला अनंतशायी नारायण भारतीय प्रेक्षकाला परिचयाचा वाटतो, मात्र ते शिल्प ज्या ख्मेर परंपरेत घडले तिचे केंद्र आजच्या कंबोडियात होते.

या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप प्रेह विहेअर मंदिराच्या बाबतीत दिसते. थाई भाषेत ‘फ्रा विहान’ म्हणून ओळखले जाणारे हे कड्यावरील मंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाचे असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर दशकभराने खुल्या झालेल्या मुआंग बोरानमध्ये मात्र त्याची प्रतिकृती नकाशाच्या आतील उंचवट्यावर उभी आहे. २००८ मध्ये मूळ मंदिराचा जागतिक वारसा यादीत समावेश होताच सीमेवर तणाव वाढला, २०११ पर्यंत चकमकी झाल्या आणि २०१३ मध्ये न्यायालयाने पुन्हा कंबोडियाच्या बाजूने अर्थनिर्णय दिला. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांत पुन्हा सशस्त्र संघर्ष पेटला व सीमेवरील प्राचीन मंदिरांचा परिसर त्याच्या झळीत सापडला. उद्यानातील प्रतिकृतीमुळे हा संघर्ष झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु न्यायालयाने सीमेपलीकडे ठेवलेले मंदिर जेथे सहलीच्या वाटेवर सहज ‘आपले’ म्हणून भेटते, तेथे प्रतिकृती निरुपद्रवी राहत नाही, हे नाकारता येत नाही.

ऐतिहासिक उद्यानांतील ‘संपूर्णता’

अवशेषस्थळे या दोषापासून सर्वस्वी मुक्त आहेत, असेही नाही. १९८८ मध्ये खुले झालेले सुखोथाई ऐतिहासिक उद्यान हिरवळ, कमळतळी आणि दुरुस्त केलेल्या बुद्धमूर्ती यांमुळे रमणीय झाले. त्यासाठी मात्र तटबंदीच्या आतील वस्ती बाहेर हलवावी लागली. तेथील लोय क्रथोंगच्या दीपोत्सवाची उत्पत्ती सुखोथाईच्या नांग नोफमात हिच्याशी जोडली जाते, पण तिच्या नावावरील ग्रंथ बँकॉककालीन असल्याचे अभ्यासक मानतात. राजा रामखम्हेंग यांच्या १२९२ च्या शिलालेखाच्या अस्सलतेवरही विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला. बहुसंख्य अभ्यासकांनी तो अस्सल मानला असला, तरी या वादाने सुखोथाईच्या आदर्श चित्राकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्यास भाग पाडले.

अयुथ्येतील शिरविहीन बुद्धमूर्तींचे खापर सामान्यतः १७६७ च्या आक्रमणावर फोडले जाते. मात्र त्यानंतर धनासाठी झालेली खोदकामे, पुराणवस्तूंची चोरटी विक्री आणि नव्या राजधानीसाठी नेलेल्या विटा यांचाही या विध्वंसात वाटा आहे. वाट रातचबुरनच्या भुयारातील सुवर्णभांडाराची १९५७ मध्ये झालेली लूट हे त्याचे ठळक उदाहरण होय.

याउलट फिमाई व फनोम रुंग येथील जीर्णोद्धारात अॅनास्टायलोसिस ही पद्धत वापरण्यात आली. कोसळलेले मूळ दगड ओळखून त्यांची नोंद करणे, ते पूर्वीच्या जागी बसवणे आणि आवश्यक तेथेच नवा दगड वापरणे, असे तिचे स्वरूप आहे. फिमाई येथे १९६० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांच्या सहकार्याने हे कार्य झाले. नक्षीदार जुन्या दगडाशेजारी कोरा नवा दगड तेथे डोळ्यांना वेगळा दिसतो. फनोम रुंगची अनंतशायी शिळा १९६० च्या दशकात नाहीशी झाली, पुढे शिकागोच्या कलासंग्रहालयात आढळली आणि जनमताच्या रेट्यानंतर १९८८ मध्ये परत आली. ती पुन्हा दरवाज्यावर बसली असली, तरी तिच्यावरील भग्नता लपविण्यात आलेली नाही. मूळ आणि भर यांतील सीमारेषा उघड ठेवणारी ही पद्धत, आपले कुळ सांगणाऱ्या देशी नकलेच्या परंपरेशी मनोवृत्तीने जवळची आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, प्रतिकृती असणे हा खुल्या इतिहास-संग्रहालयाचा दोष नव्हे. पुरावा, तर्क आणि कल्पना यांतील भेद मांडणीतून पुसून टाकणे, हा खरा दोष आहे. मुआंग बोरानने आपल्या चार कोटी फलकांबरोबरच वाटा व मांडणी यांतूनही वेगळ्या केल्या, तसेच प्रेह विहेअरसारख्या वास्तूंपाशी सीमेचा इतिहास स्पष्टपणे सांगितला, तर त्याचे शैक्षणिक मूल्य कमी न होता वाढेलच.

पर्यटकाच्या दृष्टीने भेटीच्या क्रमालाही महत्त्व आहे. प्रथम अयुथ्येतील सान्फेत प्रासादाचा उघडा पाया आणि त्यानंतर मुआंग बोरानमधील त्याची पुनर्रचना पाहिली, तर प्रतिकृती ही पायाने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर ठरते. क्रम उलटला तर तीच प्रतिकृती अंतिम उत्तर वाटू लागते व अवशेष केवळ तिची मोडकी प्रत भासतो. मुआंग बोरानचे स्थान, म्हणूनच, अवशेषांच्या दर्शनानंतरचे आहे. त्या दर्शनाला तो पर्याय होऊ शकत नाही.