वाचनालयाचे पुस्तक आणि ॲन फ्रँक



ॲन फ्रँकच्या रोजनिशीतले एक वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. एवढे सारे पाहूनही माणूस मनाने चांगला असतो असे ती म्हणते, त्या अर्थाचे. योम हाशोआच्या सभेत ते हमखास म्हटले जाते, शाळांच्या भिंतींवर लावले जाते. ते १५ जुलै १९४४ च्या नोंदीत आहे. पण ती नोंद सुरू कशी होते असे विचारले तर सभेत बोलणारेसुद्धा गप्प होतात. ती सुरू होते वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकाने. आजच्या तरुण मुलीविषयी तुमचे मत काय, अशा अर्थाचे त्याचे नाव. लेखिकेने त्यात नव्या पिढीला नखशिखान्त धारेवर धरले आहे. यांच्यात जग सुधारण्याची ताकद आहे, पण यांचे लक्ष भलत्याच वरवरच्या गोष्टींत, असा तिचा सूर. ॲनला वाटले, काही वाक्ये ही बाई थेट आपल्यालाच बोलते आहे. मग ती उत्तर द्यायला बसली. उत्तर देताना स्वतःचा स्वभाव तपासला, लाडक्या वडिलांवरसुद्धा थोडा राग काढला, आणि मोठ्यांना इथे आमच्यापेक्षा जास्त सोसावे लागते हे खरे का, या प्रश्नाला साफ नाही म्हणून टाकले. मोठ्यांची मते पक्की झालेली असतात, डळमळायचे ते आम्ही, असे तिचे म्हणणे. ते प्रसिद्ध वाक्य या सगळ्याच्या शेवटाकडे येते. म्हणजे ते वाक्य पंधरा वर्षांच्या एका मुलीने वाचनालयाच्या पुस्तकाशी घातलेल्या वादातून आलेले आहे. त्यानंतर वीस दिवसांनी, ४ ऑगस्टला, पोलीस आले.

सत्तरी ओलांडलेल्या आम्हाला तिचा तो मुद्दा पटत नाही. पक्क्या मतांचा माणूस संकटात कमी हलतो हे खरे नव्हे. देश बदलताना आमच्या आईवडिलांना आम्ही हललेले पाहिले आहे, आणि त्यांची मते चांगली पक्की होती. पण तिच्याशी असा वाद घालावासा वाटतो, हीच तिला वाचण्याची योग्य रीत आहे असे आमचे मत आहे. हा लेख त्यासाठीच.

सध्या आमचा मुक्काम हार्लेमला, लेकीकडे आहे. नात तेरा वर्षांची, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात. वर्षभरात जे वाचाल त्यावर मनात आले ते लिहा, म्हणून तिच्या वर्गाला एक वही ठेवायला सांगितली आहे. वही डच भाषेत, म्हणजे आमच्यासाठी कुलूपबंद. लेकीने दोन संध्याकाळी बसून ती आम्हाला सांगितली, निम्मी मराठीत, निम्मी हिब्रूत. नातीची परवानगी घेतली होती. आयुष्य मुलांच्या वह्या तपासण्यात गेले, तेव्हा ही सवय सुटत नाही.

थेआ बेकमन यांची १९७३ ची एक कादंबरी इकडची मुले अजून वाचतात. आजच्या काळातला डॉल्फ नावाचा मुलगा थेट १२१२ सालच्या मुलांच्या धर्मयुद्धात जाऊन पडतो आणि हजारो मुलांच्या खाण्यापिण्याची, आजारपणाची व्यवस्था लावतो. आमची नात लिहिते, याला सगळे येते, असा मुलगा वर्गात असता तर त्याच्याशेजारी कोणी बसले नसते. यान टेर्लाऊ यांच्या १९७२ च्या युद्धकथेतला मुलगा जंगलात लपलेल्या इंग्रज वैमानिकाची गोष्ट पोटात ठेवतो. त्यावर हिचे म्हणणे, मला दोन दिवससुद्धा जमले नसते, आईने माझ्या तोंडावरूनच ओळखले असते. ही वाक्ये तिची आहेत. त्यांत तिचा आवाज आहे.

मग येते ॲन फ्रँकचे पान. फक्त दोन ओळी. ती फार धाडसी मुलगी होती, तिच्याकडून आशा कशी धरावी हे शिकावे. खाली शिक्षिकेचा शेरा, सुंदर. ही वाक्ये नातीची नाहीत. ती भिंतीवरची आहेत. डॉल्फशी भांडणारी मुलगी इथे हात जोडून उभी राहिली. यात शाळेला दोष देण्याचे कारण नाही. मेलेल्या मुलीबद्दल वेडेवाकडे कसे लिहावे, ही भीती मोठ्यांनाही असते. आपल्या बेने इस्राएल घरांत तर अधिकच असते, कारण ती आग आपल्या वाडवडिलांच्या दारापर्यंत आली नव्हती, आणि ज्याच्यावर बेतले नाही त्याने जपून बोलावे असे आपल्याला वाटते. पण त्या मुलीशी आपला संबंध वाचनातूनच आलेला आहे, दुसरा नाही. तो तरी खरा असावा.

आणि ॲन स्वतः पुस्तकांशी हात जोडून वागणारी नव्हती. १२ जून १९४२ ला तिला तेरा वर्षे पूर्ण झाली. रोजनिशीची वही मिळाली ती त्या दिवशी. इतर भेटींत एक पुस्तक होते, 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'. ते या हार्लेमचेच. लेखक निकोलास बेट्स याचा जन्म इथे १८१४ साली झाला. लायडनला विद्यार्थी असताना हिल्डेब्रांड या टोपणनावाने त्याने ते लिहिले आणि १८३९ साली ते इथेच छापले गेले. आमच्या लेकीच्या घरापासून चालत गेले की हार्लेमरहाउट नावाचे जुने वनउद्यान लागते. तिथे त्या पुस्तकातल्या पात्रांचे दगडी पुतळे कारंज्याभोवती बसवलेले आहेत. याच वनात फिरायला येऊन सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा नुर्क्स नावाचा एक कुरकुऱ्या त्या पुस्तकात आहे, आणि आजही डच माणूस कुरकुऱ्याला नुर्क्स म्हणतो. ॲनने मात्र त्या दिवशीच्या भेटींत मनापासून वाहवा केली ती डेझी नावाच्या मुलीच्या डोंगरातल्या सुट्टीच्या गोष्टीची. अभिजात ग्रंथाचे नुसते नाव, आणि सुट्टीच्या गोष्टीला शाबासकी. आम्हाला हे फार खरे वाटते.

६ जुलै १९४२ पासून ती ॲमस्टरडॅमच्या मागल्या घरात कोंडली गेली. बाहेरचे जग आत येण्याचा एक मार्ग म्हणजे पुस्तके. मीप दर शनिवारी वाचनालयाची पाच पुस्तके घेऊन येई, आणि आम्ही लहान मुलांसारखी शनिवारची वाट पाहतो असे तिने लिहून ठेवले आहे. त्या घरात शनिवार पुस्तकांचा झाला.

पहिल्या महिन्यांत ती वेडी होती सिसी फान मार्क्सफेल्ट या लेखिकेच्या मुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांची. एक विनोदी कादंबरी तिने चार वेळा वाचली, तरी हसू थांबत नव्हते. योप तेर ह्यूल नावाची शाळकरी नायिका आणि तिच्या मैत्रिणींचा कंपू या पुस्तकमालेत आहे. त्या कंपूत एक किटी आहे. १९४२ च्या सप्टेंबरात ॲनने रोजनिशीत या मैत्रिणींना पत्रे लिहायला सुरुवात केली, आळीपाळीने एकेकीला. पुढे मे १९४४ पासून तिने सुट्या कागदांवर सारे नव्याने लिहायला घेतले तेव्हा बाकीच्या मैत्रिणी गाळल्या आणि सगळी पत्रे एकट्या किटीच्या नावे केली. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध रोजनिशीचा घाट असा मुलींच्या करमणुकीच्या पुस्तकातून आला आहे. आमच्या शाळेत असली पुस्तके वर्गात सापडली तर मास्तर काढून घेत असत.

वडिलांची योजना वेगळी होती. त्यांनी गटे आणि शिलर यांची नाटके मोठ्या कपाटातून काढली आणि रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचे ठरवले. मागल्या घराच्या विनोदी नियमावलीत जर्मन पुस्तकांना बंदी होती, अभिजात आणि विद्वत्तेची तेवढी सोडून. त्या पळवाटेने शिलर आत आला. फ्रँकफुर्टला जन्मलेली मुलगी, घरची भाषा जर्मन. बाप आपल्या भाषेतले उत्तम ते तिच्यापुढे ठेवतो, ती ऐकते, आणि ऐकून झाल्यावर आपली वही डचमध्ये लिहिते, ज्या भाषेत ती शाळा शिकली त्या भाषेत. वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांनी नातवंडांना मराठी गोष्ट वाचून दाखवली आणि त्यांनी त्यावरचे मत हिब्रूत दिले? त्यांना गोष्ट पोहोचली नाही असे समजू नये. गोष्ट पोहोचते. उत्तर दुसऱ्या भाषेत येते, एवढेच. आम्हाला तर ते लेकीच्या मध्यस्थीने ऐकावे लागते.

त्याच नोंदीत, २९ ऑक्टोबर १९४२ ला, आई तिच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक देते. ती जर्मनमधल्या काही प्रार्थना वाचते, कारण आईला नाही म्हणता येत नाही. शब्द तिला सुंदर वाटतात, मनाला मात्र भिडत नाहीत, आणि आई आपल्याला धार्मिक का बनवू पाहते असे ती विचारते. हे वाचून आपल्यातले काहीजण नाराज होतील. आम्हाला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. अर्थ न कळता तेफिल्ला म्हणण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. आपल्या वाडवडिलांनाही ती बोचली असावी, नाहीतर १८७४ साली पुण्यात मराठी अर्थासह हग्गादा छापण्याची खटपट त्यांनी केली नसती.

ती नेहमी बरोबर असे असेही नाही. मोठ्यांसाठी असलेले 'एव्हाचे तारुण्य' हे पुस्तक वाचायला मिळाल्यावर, मुलींच्या पुस्तकांत आणि यात फारसा फरक नाही, असा निकाल तिने देऊन टाकला. वर्गात आम्ही विचारले असते, बाळ, शेवटपर्यंत वाचलेस का? बीजगणित नावडते म्हणून त्याच्या पुस्तकाला तिने जे बोल लावले ते कोणी टीका म्हणून घेऊ नयेत. आवडलेली वाक्ये उतरवून ठेवायची तिची वेगळी वही होती, वडिलांच्या सूचनेवरून ऑगस्ट १९४३ मध्ये सुरू केलेली. ती २००४ साली छापली गेली. तिचे कौतुक खूप होते. आमच्या मते ती वही रोजनिशीपुढे फिकी आहे. उतरवून घेतलेल्या वाक्यांत मुलगी दिसत नाही, तिचे सुवाच्य अक्षर दिसते.

ती दिसते जून १९४४ मध्ये, पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर. पॉल द क्रुइफ यांचे मृत्यूशी झुंजणाऱ्या वैद्यांवरचे पुस्तक ती वाचते आणि बाळंतपणात बाया किती सोसतात या एका मुद्द्यावर थांबते. सैनिकांना मान, पुतळे, आणि या बायांना काय, असा तिचा प्रश्न. मूळ पुस्तक वैद्यकशास्त्राचे. शाळेच्या वहीत असे उत्तर आले असते तर विषयाला सोडून आहे म्हणून गुण कापले गेले असते. पण पुस्तक वाचताना मनात जे उठले तेच तिने लिहिले, आणि लेखकाच्या विषयापेक्षा ते मोठे निघाले.

तिला एक गुणी मास्तरही भेटला होता, हेही सांगायला हवे. गणिताचे कीसिंग सर. वर्गात बडबड केली म्हणून त्यांनी तिला बडबडीवर निबंध लिहायची शिक्षा केली, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी तिने मैत्रिणीच्या मदतीने बदकांवर कविता करून त्यांचीच थट्टा केली. सरांनी ती हसत वर्गात वाचून दाखवली, इतर वर्गांतही वाचली, आणि शिक्षा बंद केली. सुंदर असा शेरा देण्यापेक्षा हे अवघड आहे.

ज्यांच्याकडे रोजनिशीची प्रत आहे, मराठी, हिब्रू वा इंग्रजी, त्यांनी या तारखा काढून वाचाव्या. २१ सप्टेंबर आणि २९ ऑक्टोबर १९४२, ११ जुलै १९४३, १५ जुलै १९४४. जून १९४४ मधला बायांविषयीचा भाग सापडला नाही तर गोंधळू नये. वडिलांनी १९४७ साली छापताना काही मजकूर वगळला होता, आणि अधिक भरलेली आवृत्ती १९९१ साली निघाली. ८ मे १९४४ चीही नोंद पाहावी. बहीण मार्गोटला पॅलेस्टाईनमध्ये सुईण व्हायचे आहे, ॲनला मात्र पॅरिस आणि लंडन पाहायचे आहे. लगेच तीन दिवसांनी, ११ मे ला, ती पुढच्या वाचनाची यादी करते. त्यात पॅलेस्टाईनवरचे एक पुस्तक आहे, सम्राट पाचव्या चार्ल्सचे चरित्र आहे, आणि गॅलिलिओचे आहे. गॅलिलिओची घाई आहे, कारण ते दुसऱ्याच दिवशी वाचनालयात परत द्यायचे आहे.