'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' : कार्यपद्धती-सुधारणा आणि रुग्णालयीन कर्मचारी – एक चिकित्सा

प्रस्तावना :
रुग्णालय हे वैद्यकीय ज्ञानाचे केंद्र असले तरी त्याचा दैनंदिन व्यवहार परिचारिका, तंत्रज्ञ आणि कक्षसेवक यांच्या श्रमांवर चालतो. या श्रमांना निश्चित क्रम व शिस्त देण्यासाठी कार्यपद्धती-सुधारणेची प्रशिक्षणे जगभर रूढ झाली. त्यामागील विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविणाऱ्या ग्रंथांत डॉ. अतुल गावंडे यांच्या 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९) या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. बोस्टन येथील शल्यचिकित्सक असलेल्या गावंडे यांचे पितृकुल यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. अशा प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांच्या कामात नेमके काय बदलते, या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर ग्रंथाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथातील प्रतिपादन :
आधुनिक वैद्यकातील अनेक चुका अज्ञानातून नव्हे, तर ठाऊक असलेली गोष्ट ऐनवेळी निसटल्यामुळे घडतात, हे गावंडे यांचे मुख्य प्रतिपादन होय. १९३५ मधील बोइंग विमानाच्या अपघातानंतर वैमानिकांनी तपासणी-सूची स्वीकारली, त्याच धर्तीवर रुग्णालयांनीही ती स्वीकारावी, असे ते सुचवितात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ कलमी शस्त्रक्रिया-सूचीचा प्रयोग दिल्लीसह ८ शहरांतील ८ रुग्णालयांत झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

या सूचीतील एक कलम विशेष लक्षणीय आहे. शस्त्रक्रियेपूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगावयाची असते. आपल्याकडे वॉर्डातील माणसे 'सिस्टर', 'मामा', 'मावशी' या संबोधनांनीच ओळखली जातात. तेथे 'सरां'समोर स्वतःचे नाव उच्चारणे ही केवळ औपचारिकता ठरत नाही. एकदा बोलण्याची संधी मिळालेली व्यक्ती पुढेही धोका दिसल्यास बोलते, हे गावंडे यांचे निरीक्षण मार्मिक आहे.

सूचीमागील सत्ता आणि साधने :
तथापि ग्रंथाचे शीर्षक ज्या सूचीचा गौरव करते, त्या सूचीपेक्षा त्यातील तपशील अधिक बोलके आहेत. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शिरेत नळी घालण्याची ५ कलमी सूची केली. परंतु एखादी पायरी वगळणाऱ्या डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकारही प्रशासनाने परिचारिकांना दिला. पुढे मिशिगन राज्यातील अतिदक्षता विभागांत हा प्रयोग झाला, तेव्हा आवश्यक तो जंतुनाशक साबण एक-तृतीयांशाहूनही कमी विभागांत उपलब्ध असल्याचे आढळले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष विभागात यावे लागले आणि साबण मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार रक्तसंसर्गाचा मध्यक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. हे यश कागदाचे जितके, तितकेच अधिकाराचे आणि पुरवठ्याचे होते. गावंडे हे सर्व नोंदवितात. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष ते पुरेशा ठामपणे मांडत नाहीत.

उत्तरकालीन पुरावा :
ग्रंथप्रकाशनानंतरच्या दोन अभ्यासांनी ही उणीव अधोरेखित केली. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सूचीच्या वापराचा अहवाल देणे बंधनकारक झाले. मात्र १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात (२०१४) मृत्यू वा गुंतागुंतीत लक्षणीय घट आढळली नाही. आदेशाने खुणा भरल्या जातात, पण कामाची रीत बदलेलच असे नाही.

दुसरा अनुभव आपल्या अधिक निकटचा आहे. उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांतील १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या सूचीचा अभ्यास झाला (२०१७). स्वतः गावंडे त्याच्याशी निगडित होते. निम्म्या केंद्रांतील प्रसूतिसेविकांना ८ महिने कामाच्या जागी मार्गदर्शन मिळाले. निरीक्षण केलेल्या केंद्रांत २ महिन्यांनी त्यांनी १८ आवश्यक कृतींपैकी सरासरी ७२.८ टक्के कृती पाळल्या, तर तुलनेच्या केंद्रांत हे प्रमाण ४१.७ टक्के होते. मार्गदर्शन थांबल्यानंतर ४ महिन्यांनी ते ६१.७ टक्क्यांवर घसरले. माता व नवजात यांचे मृत्यू आणि मातांची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण मात्र जवळजवळ समानच राहिले : १५.१ व १५.३ टक्के. सेविका शिकल्या व त्यांचे काम सुधारले, तरी केवळ तेवढ्याने जीव वाचले नाहीत.

समारोप :
यावरून प्रशिक्षण निरर्थक ठरते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. प्रश्न जबाबदारीच्या वाटणीचा आहे. अधिकार, मनुष्यबळ आणि साधने न देता केवळ सूची दिली, तर व्यवस्थेचा दोष सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याच्या स्वाक्षरीखाली जमा होतो. साबण नसलेल्या मोरीजवळ 'हात धुतले' या रकान्यात खूण करावी लागणाऱ्या परिचारिकेला प्रशिक्षणाने असत्य लिहावयास शिकविले, असेच म्हणावे लागेल. म्हणूनच 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हा ग्रंथ परिचारिकांइतकाच, किंबहुना त्यांच्याही आधी, रुग्णालयाच्या प्रशासकांनी वाचणे अगत्याचे आहे.