खेळाच्या पडद्यावर ‘क्विंटल’ नीट उमटतो का?

व्हिडिओ गेमबद्दल बोलताना लोक चित्रांबद्दल बोलतात, गोष्टीबद्दल बोलतात, फार तर संगीताबद्दल. मेनू, बटणं, गुणफलक, संवादाच्या चौकटी यांचा विषय कुणी काढत नाही. खेळणाऱ्याचा खेळाशी संवाद मात्र याच गोष्टींमधून होतो. हा इंटरफेस बांधायची गेम इंजिनांमधली साधनं गेल्या दहा-बारा वर्षांत पार बदलली आणि बहुतेक बदल चांगल्यासाठीच झाले. तरी त्यांना गुण देताना मराठी माणसाने एक प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. यात मराठी नीट उमटते का?

समजा, नवीन जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याने मोंढ्यावर खेळ करायला घेतला. मालाची आवक, लिलाव, अडत, हमाली, रेशीम कोषांचा भाव, असा सगळा मसाला हाताशी आहे. त्याने युनिटी हे गेम इंजिन उघडलं, मजकूर दाखवणाऱ्या त्यातल्या टेक्स्टमेशप्रो या साधनाची पाटी ठेवली, देवनागरी फॉन्ट जोडला आणि गावाचं नाव टाइप केलं. ‘नवीन जालना’ झकास उमटतं. ‘मोसंबी’ही उमटते. मग तो ‘क्विंटल’ लिहितो आणि पडद्यावर येतो पाय मोडलेला क, शेजारी सुटा व, आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्या जोडाक्षराच्या आधी यायची ती वच्या मागे. ‘जिल्हा’, ‘ज्वारी’, ‘खर्च’ यांचीही तीच गत. गावाच्या नावात जोडाक्षर नाही, रफार नाही, ऱ्हस्व वेलांटी नाही, म्हणून ते निभावलं. तेवढ्यावर ‘मराठी चालते’ असा शेरा मारणारा पुढे हमखास अडकतो.

हेच शब्द त्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बिनचूक दिसतात, कारण तिथे अक्षरं जुळवायचं काम फोनची स्वतःची यंत्रणा करते. गेम इंजिन तिला विचारत नाही, प्रत्येक अक्षर ते स्वतः रंगवतं. टेक्स्टमेशप्रो ज्या पद्धतीवर उभं आहे ती व्हॉल्व्ह कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी 2007 मध्ये मांडली. तिच्यामुळे अक्षर कितीही मोठं केलं तरी कडा स्वच्छ राहतात, हा तिचा मोठा गुण. पण या साधनात युनिकोडमधल्या एकेका चिन्हासाठी एक आकृती उचलली जाते आणि ती ओळीने मांडली जाते. जोडाक्षराच्या आकृतीला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नसतो. ती फॉन्टमध्ये असते, पण तिच्यापर्यंत पोचायची वाट इथे नाही.

ती वाट हार्फबझ नावाच्या मुक्त प्रणालीने करून दिली. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर जे करायचा ते ती करते: कोणतं अक्षर अर्धं, रफार कुठे चढवायचा, वेलांटी कुणाच्या आधी. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड या सगळ्यांत तीच आहे. गेम इंजिनांचा इतिहास आपल्या बाजूने लिहायचा तर प्रश्न एवढाच उरतो, की कुणी तिला कधी आत घेतलं.

युनिटीचा प्रवास सगळ्यात वळणावळणाचा. सुरुवातीला प्रत्येक बटण कोडमध्ये लिहून दर फ्रेमला नव्याने काढावं लागे. त्याला कंटाळून लोक एनजीयूआय हे बाहेरचं साधन विकत घेत. 2014 च्या अखेरीस 4.6 आवृत्तीत कॅनव्हासवर आधारलेली यूजीयूआय आली आणि माउसने ओढून मेनू बांधता येऊ लागले. त्यानंतरचं यूआय टूलकिट वेबच्या वळणाचं आहे. मांडणी एका फाइलीत, सजावट दुसरीत, एचटीएमएल आणि सीएसएस जाणणाऱ्याला घरच्यासारखं वाटावं असं. मला हा बदल मनापासून आवडतो. ‘प्ले’ लिहिलेल्या बटणावर ‘पुन्हा सुरू करा’ लिहायचं झालं तर चौकट आपसूक रुंदावते, मोजून ठेवलेल्या जागेत मजकूर कोंबावा लागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या युनिटी 6 मध्ये यूआय टूलकिटला हार्फबझवर चालणारा नवा मजकूर-जनक मिळाला. पण तिथे तो जाणीवपूर्वक निवडावा लागतो, आणि जुन्या यूजीयूआयवर बांधलेल्या खेळाला त्याचा काही उपयोग नाही. शिकवण्यांचे बहुतेक व्हिडिओ अजून त्या जुन्याच वाटेने नेतात.

अनरियल हे इंजिन या बाबतीत पुष्कळ पुढे आहे. त्याच्या स्लेट या पायावर हार्फबझ बरीच वर्षं आहे आणि वरचं यूएमजी दृश्य पद्धतीने मेनू जुळवू देतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा 2020 चा गाजलेला खेळ याच इंजिनावर झाला. मात्र अनरियलला दमदार संगणक लागतो, आणि मोंढ्याच्या छोट्या खेळासाठी ते अवजड आहे.

राहिलं गोदो हे इंजिन. माझा कौल याला आहे. ज्यात खेळ बांधतात तो याचा संपादकच गोदोच्या स्वतःच्या इंटरफेस साधनांनी बांधलेला आहे, त्यामुळे साधनात खोट असेल तर ती आधी बनवणाऱ्यांनाच बोचते. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत इथेही देवनागरीचे हाल होते. 1 मार्च 2023 ला आलेल्या 4.0 मध्ये मजकुराचा सगळा भाग नव्याने लिहिला गेला आणि हार्फबझ आत आलं. बारकावे किती पाहिले आहेत ते एका उदाहरणावरून कळेल. कथाप्रधान खेळांत संवाद एकेक अक्षर करत उमटतो. युनिकोडच्या चिन्हाचिन्हाने तो उमटवला तर ‘कि’ लिहिताना आधी क दिसतो आणि मग वेलांटी येऊन त्याला पुढे ढकलते, म्हणजे संपूर्ण ओळ थरथरत राहते. गोदोमध्ये हे उमटणं जुळणी आधी करून मग करायचं, असा पर्याय पाटीच्या गुणधर्मांतच दिला आहे. पाटीची भाषा मराठी आहे हेही सांगता येतं, त्यामुळे फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं प्रमाण मानली आहेत. हिंदीच्या वळणाचा ल मराठी पाटीवर पाहणं ज्यांना खटकतं त्यांना याचं मोल कळेल.

गोदो फुकट आहे आणि त्याचा मूळ कोड खुला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने खेळ जितक्यांदा बसवला जाईल तितके पैसे मागायचं जाहीर केलं आणि वर्षभराने ते मागे घेतलं. त्या वर्षात छोट्या निर्मात्यांची झोप उडाली होती. हातात भांडवल नसलेल्या मुलांनी अशा लहरीवर आपलं काम टांगून ठेवू नये.

गोदोतही सगळं आलबेल नाही. दिसायला त्याचे तयार मेनू रुक्ष आहेत, सजावट बसवताना थीमच्या खिडकीत फार भटकावं लागतं. युनिटीचं यूआय टूलकिट या कामात सरस आहे. पण रंगरूप नंतर सुधारता येतं, मोडकं अक्षर मात्र पहिल्या दिवसापासून वाचणाऱ्याला हाकलतं.

मोडक्या अक्षरांवर जे दोन तोडगे सर्रास निघतात ते मला मान्य नाहीत. एक, शब्दाचं चित्र करून चिकटवणं. दुसरा, डीटीपीच्या दुकानात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मजकूर बसवतात त्या धर्तीवर युनिकोड सोडून देणं. दोन्हींत पाटी सुरेख दिसते, पण भाव रोज बदलणार असेल, किंवा खेळणाऱ्याला स्वतःचं नाव लिहायचं असेल, तर तिथेच गाडी रुतते.

जालन्यातल्या आणि मराठवाड्यातल्या संगणक शिक्षकांना म्हणून विनंती आहे. विद्यार्थ्यांना इंजिन निवडायला सांगाल तेव्हा पहिल्या तासाला त्यांच्याकडून ‘क्विंटल’, ‘जिल्हा’, ‘खर्च’, ‘दुसऱ्या’ आणि ‘महाराष्ट्र’ हे पाच शब्द पडद्यावर लिहून घ्या. जे मोडेल त्याचं चित्र काढून इंजिनाच्या निर्मात्यांकडे तक्रार नोंदवा. आपण कळवल्याशिवाय हा दोष त्यांना दिसणार नाही.