लोहवाणी, माळी आणि सहावीचा इतिहास

शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत २०१७ साली दुरुस्ती झाली आणि ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द शाळांच्या दप्तरात कायमचा जाऊन बसला. विद्यार्थ्याला काय शिकवले यापेक्षा त्याला काय येऊ लागले हे पाहावे, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. प्राचीन संस्कृतींचा विषय आपल्याकडे मुख्यतः सहावीत येतो. त्या इयत्तेच्या निष्पत्ती मी वाचल्या, त्या प्रामुख्याने क्रियापदांकडे लक्ष ठेवून. ओळखणे, नकाशात दाखवणे, यादी करणे, वर्णन करणे, स्पष्ट करणे, संबंध जोडणे अशी ती क्रियापदे आहेत. यांतली शेवटची दोन वजनदार आहेत, पण परीक्षेच्या कागदावर उतरतात ती बहुधा पहिली तीन. मोहेंजोदडो कोठे आहे हे मुलगा दाखवतो, महास्नानगृहाचे नाव लिहितो आणि उद्दिष्ट साध्य झाल्याची नोंद होते.

माझा आक्षेप निष्पत्तींच्या यादीवर नाही. साधने ओळखून इतिहासाच्या मांडणीत त्यांचा उपयोग सांगता यावा, अशी स्पष्ट अपेक्षा त्या यादीत आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकातही ‘इतिहासाची साधने’ हा पाठ हडप्पा संस्कृतीच्या आधी येतो. आक्षेप आहे तो साधने एका पाठात कोंडण्यावर. तो पाठ संपला की पुढे पुराव्याची चर्चा मागे पडते आणि निष्कर्षच पाठ होत जातात. इतिहास कुणीतरी, कशावरून तरी ठरवलेला असतो, ही जाणीव मग मुलाजवळ उरत नाही.

माणगावातल्या मुलांसाठी याचा पर्याय फार दूर नाही. इंदापूर-तळा रस्त्याने मांदाडच्या दिशेने गेले की राजपुरी खाडीच्या अंगाला कुड्याची लेणी लागतात. हे गाव पूर्वी माणगाव तालुक्यात होते, आता तळा तालुक्यात आहे. इथली बौद्ध लेणी सव्वीस असून बहुतेक इसवी सनाच्या आगेमागे खोदलेली आहेत. भिंतींवर ब्राह्मी लिपीतले प्राकृत दानलेख आहेत. दात्यांमध्ये महाभोज घराण्यातली माणसे आहेत, तसेच माळी आहे, वैद्य आहे आणि ‘करहाकड’चा एक ‘लोहवाणिय’ आहे. लोखंडाचा वाणी! दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शब्द मराठी मुलाला जवळजवळ न सांगता कळतो. हडप्पेच्या मुद्रेवरची अक्षरे आजही निर्विवादपणे वाचता आलेली नाहीत; ही मात्र वाचता येतात, आणि आपली वाटतात.

या एका लेखावरून प्रश्न विचारता येतात. करहाकड म्हणजे कऱ्हाड असे अभ्यासक मानतात. मग घाटावरचा लोखंडाचा व्यापारी खाडीकाठी दान का देतो? घाट उतरून बंदराकडे जाणारा व्यापारी मार्ग असावा, असे मूल सुचवील. ते अनुमान आहे. लेखात आहे ते फक्त नाव, धंदा, गाव आणि दान. हा फरक मुलाला करता आला, तर माझ्या मते पहिले उद्दिष्ट साधले.

दुसरे उद्दिष्ट गैरहजर माणसांचे. लेण्याला पैसा देणाऱ्याचे नाव कोरले आहे. पण ज्यांनी छिन्नी-हातोड्याने हा कातळ पोखरला, ते कोण होते? पुरावा कुणाविषयी बोलतो आणि कुणाविषयी गप्प राहतो, हे विचारायची सवय सहावीतच लागली पाहिजे.

तिसरे उद्दिष्ट कारणासह ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणण्याचे. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील मंदगोर बंदराचा उल्लेख आहे. काही अभ्यासक ते मांदाड मानतात, काही अन्य ठिकाणे सुचवतात. आपल्या गावाचा मान वाढतो म्हणून पहिले मत उचलणे सोपे आहे. कुड्याच्या लेखांतला ‘मांदव’ हा शब्द त्या मताला किती बळ देतो, हे तोलणे अवघड आहे, आणि शिकण्यासारखे तेच आहे.

यावर एक रास्त हरकत येईल. स्थानिक गोष्टींत गुंतलेले मूल सिंधू, मेसोपोटेमिया, इजिप्त यांना मुकेल. मला उलट वाटते. लोहवाण्याचा माग काढलेल्या मुलाला उर येथे सिंधू धर्तीच्या मुद्रा का सापडाव्यात, हा प्रश्न परका राहणार नाही. मेसोपोटेमियाचे लेख वाचता येतात. त्यांतला ‘मेलुहा’ म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हडप्पेच्या माणसांविषयी लेखी उल्लेख मिळतो तो शेजाऱ्याच्या दप्तरात. साधनांचा उपयोग आणि दोन प्रदेशांचा संबंध, या दोन्ही अपेक्षा इथे एकाच उदाहरणात पुऱ्या होतात.

दुसरी हरकत गुणदानाची. अशा उत्तरांना गुण कसे द्यायचे? मुलाने उत्तरामागे कोणता पुरावा ठेवला, त्याला गुण द्यावेत. तपासायला वेळ लागेल, आणि शिक्षकांवरील इतर कामांचे ओझे पाहता ही अडचण खरी आहे. म्हणून वर्षाला असा एकच प्रश्न असावा. पण तो असावाच. पुरावा मागण्याची सवय नसलेला मुलगा मोठेपणी प्राचीन वैभवाच्या कोणत्याही कहाणीवर विश्वास ठेवतो, आणि ज्या लेण्यात त्याचे पूर्वज वाचता येतात, त्याच भिंतीवर आपले नाव कोरून येतो.