ब्रीदाचा तगादा

धीर हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याला देण्यासाठीच वापरतो. नोकरी लागत नसलेल्या पोराला ‘धीर धर, देव पाहतो आहे’ असे सांगावे, चहाचा पेला खाली ठेवावा आणि आपल्या घरी निघून यावे, ही आपली रीत. संतकवितेलाही आपण याच कामाला जुंपले आहे. भक्त म्हणजे हात जोडून, तोंड मिटून वाट पाहणारा सोशिक मनुष्य, ही समजूत पाठ्यपुस्तकांनी आणि भिंतीवरच्या तसबिरींनी पक्की केली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मला फार आवडतो. पण त्यातल्या विष्णुपंत पागनिसांचा तो प्रसन्न चेहरा पाहताना या माणसाने देवाला कधी खडसावले असेल, असे मनातसुद्धा येत नाही.

गाथा उघडली की मात्र खडसावणेच ऐकू येते.

देवाने भक्ताला दिलेल्या शब्दाला संतांनी एक बोलके नाव दिले आहे: ब्रीद. हे काही कानात सांगितलेले गुप्त आश्वासन नव्हे. राजे आपली बिरुदे चोपदारांकडून चारचौघांत गाजवून घेत, तशी देवानेही आपली नावे मिरवलेली आहेत: पतितपावन, दीनबंधू, अनाथांचा नाथ. आता नाव मिरवले म्हणजे ते खरे करून दाखवणे आलेच. नामदेवांनी हे बरोबर हेरले. पतितपावन म्हणवतोस म्हणून तुझ्या दारी आलो, तसा नसशील तर हा मी माघारी निघालो, अशा अर्थाचे ते देवाला तोंडावर सुनावतात. ही याचना नव्हे. हा तगादा आहे.

तुकोबांच्या घरी तर सावकारी होती. खत, कूळ, मुद्दल, व्याज हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली असे परंपरा सांगते. खते बुडाली, पण ती भाषा काही बुडाली नाही. पुढे अभंगांच्या वह्याच नदीत गेल्या आणि तुकोबा काठावर बसले, ते धरणे धरूनच. जुन्या काळी घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसत असे. उंबऱ्याबाहेर माणूस उपाशी आहे म्हटल्यावर आतल्याच्या घशाखाली घास उतरू नये, हा त्यातला डाव. तेरा दिवस असे गेले. त्या दिवसांतले म्हणून जे अभंग गाथेत आहेत, त्यांत शांतरस शोधायला जाल तर निराश व्हाल. त्यांत राग आहे, टोमणे आहेत, आणि तुझ्याच नावाला बट्टा लागेल हा धाक आहे. फक्त एक गोष्ट नाही: उठून दुसऱ्या दारी जाणे. धीर या शब्दाचा तुकोबांपुरता अर्थ मला एवढाच दिसतो.

वह्या मिळाल्यानंतरचे अभंग तर याहूनही हृद्य आहेत. आता तुकोबा लाजतात. लोकांच्या बोलण्यावरून मी तुझा अंत पाहिला, माझ्या तहानभुकेचे ओझे तुझ्यावर घातले, असे म्हणतात. आणि तू आपले ब्रीद खरे केलेस, अशी पावतीही देतात. वाण्याचा हिशेब आहे, चुकता झाला की पावती द्यायचीच!

हा प्रसंग शिकवताना वर्गात कोणी ना कोणी विचारतोच, “गुरुजी, आणि वह्या वर आल्याच नसत्या तर?” पुष्कळ टीकाकारांपेक्षा हा प्रश्न शहाणा आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला शेवट आधी ठाऊक असतो, म्हणून तो पात्रांशी थोडी लबाडी करू शकतो. तुकोबांना चौथ्या दिवशी तेरावा दिवस ठाऊक नव्हता, हे विसरून ते अभंग वाचण्यात काय अर्थ आहे?

ज्यांच्या वह्या वर आल्याच नाहीत, असे एक घर आपल्या संतमंडळात आहे. ते चोखोबांचे. त्यांना धरणे धरायला दारसुद्धा नव्हते. महाद्वाराच्या बाहेर जेवढी जागा मिळेल तेवढीच त्यांची. मंगळवेढ्यास १३३८ साली कोट कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. चोखोबा कधी कधी मागच्या जन्मीच्या कर्मावर बोट ठेवून मनाची समजूत घालतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा ती समजूत घालून घेत नाही. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्ट्यावर जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असे तो विचारतो. आमच्या घरी जेवून गेलास आणि आता नाही कसे म्हणतोस, हेही विचारतो. वडिलांची करुणा थोर खरी; पण कवी म्हणून मला मुलगा अधिक जवळचा वाटतो. त्याने नाते तोडलेले नाही. जेवून गेलेल्या पाहुण्यालाच असे विचारता येते.

चोखोबांच्या घराला धीर धरा म्हणणाऱ्यांच्याच कमरेला त्या दाराच्या किल्ल्या होत्या, हे मात्र कीर्तनात कोणी सांगत नाही. देणे देवाचे होते, अडवणूक माणसांची. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले (तेही मास्तर आणि कादंबरीकार, आमच्याच धंद्यातले), तेव्हा त्यांचे धरणे देवावर नव्हते, दार अडवणाऱ्यांवर होते. दहा दिवसांनी उपोषण सुटले आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडायचे ठरले. १३३८ पासून मोजले तर सहाशे नऊ वर्षे झाली. तोवर नामदेवांचा तो दुसरा शब्द, ‘माघारी निघालो’, हाही कोणी तरी खरा करायला घेतला होता. नाशिकला काळारामाच्या दारी १९३० साली सत्याग्रह सुरू झाला. १९३५ साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे सांगितले, आणि १९५६ साली नागपुरात ते खरे केले. तरी १९४८ चा अस्पृश्यांवरचा आपला ग्रंथ त्यांनी ज्या तिघा संतांच्या स्मृतीस वाहिला, त्यांत चोखामेळा आहेच.

श्रीसकलसंतगाथेत या घरातल्या सर्वांचे अभंग आहेत: चोखोबांचे, सोयराबाईंचे, निर्मळेचे, बंकोबांचे, कर्ममेळ्याचे. ज्या वारकऱ्यांनी ते पिढ्यान्पिढ्या पाठ केले, उतरवून घेतले, त्यांनी मुलाचा राग गाळला नाही, की मऊ केला नाही. कर्ममेळ्याचे अभंग थोडेच आहेत. फराळ आटोपला की सुट्टीतल्या एखाद्या संध्याकाळी ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. “देवाशी असे बोलतात का रे?” म्हणून आजी रागावली, तर तिला तुकोबांचे ते तेरा दिवसांतले अभंग काढून द्यावेत. चष्मा मात्र तिचा तिने शोधावा.